थंडीतले उद्योग: बाबांच्या दुकानातलं भंगार, एक ड्रॉवर आणि मी (मदत हवी आहे)

पेठेतली | १२ नोव्हेंबर, रात्री ११.४०

दिवाळीची आवराआवरी करताना माळ्यावरनं बाबांच्या दुकानाचे चार खोके निघाले. बाबांचं बुधवार पेठेत रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं, दुकान म्हणजे जिन्याखालची जागा, एक माणूस आत बसला की दुसऱ्याने बाहेर उभं राहूनच बोलायचं. ते ९६ साली बंद झालं आणि सामान जे वर चढलं ते आत्ता उतरलं. आई म्हणाली भंगारवाल्याला बोलाव. बोलावलाही. त्याने पितळ वेगळं काढून काट्यावर टाकलं आणि मला काय झालं कोण जाणे, म्हणलं राहू दे हो. आता गल्लीत दिसला की हसतो माझ्याकडे बघून.

तर आहे काय काय: चिनीमातीचे पांढरे किटकॅट फ्यूज ११, बेकेलाइटचे (जुन्या कडक प्लास्टिकचे) काळे गोल स्विच पंधराएक, लाकडी राउंड ब्लॉक (स्विचखाली बसवायचे), व्हॉल्व्ह म्हणजे जुन्या रेडिओतल्या काचेच्या नळ्या (काही खोक्यासकट), रेडिओचे नॉब अर्धा डबा, डायलच्या काचा तीन, रेडिओ लायसन्सची पोस्टाची तिकिटं चिकटवलेली दोन पुस्तकं, पीएमटीच्या, म्हणजे पुण्याच्या सिटी बसच्या, तिकिटांचा रबर लावलेला गठ्ठा (हा का ठेवला असेल??), आणि एक अख्खा मर्फीचा रेडिओ लाकडी कॅबिनेटचा, बंद.

दुकानातल्या टेबलाचा सागवानी ड्रॉवर पण आहे, टेबल कधीच गेलं. तो उभा करून भिंतीवर लावायचा आणि आत हे सगळं मांडून कायमचं बसवायचं असा बेत आहे. याला असेंब्लाज म्हणतात हे मला माझ्या भाचीने सांगितलं. वेळ नोव्हेंबर ते फेब्रुवारी एवढाच, कारण काम करणार गच्चीवरच्या पत्र्याच्या खोलीत, तिथे पावसाळ्यात भिंती ओल्या आणि मार्चनंतर पापड भाजून निघेल.

प्रश्न: चिकटवायचं कशाने? किती घासायचं, गंज-धूळ ठेवायची का काढायची? आणि मर्फी उघडून आतला सांगाडा वापरला तर चालेल का, दिसायला फार भारी आहे तो.

खटपट्या | १३ नोव्हेंबर, सकाळी ७.०५

मस्त धागा. बूच मारून बसतो.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर: शक्यतो चिकटवूच नका. स्क्रू आणि तार. किटकॅट फ्यूजला, स्विचला, राउंड ब्लॉकला सगळ्याला मुळातच स्क्रूची भोकं असतात, ती कशासाठी दिलीयेत? मागून प्लायमध्ये बारीक गिरमिटाने भोक पाडा आणि पितळी स्क्रू मारा, लोखंडी मारलेत तर पितळेला टेकतो तिथे ओल लागली की लोखंड आधी खाल्लं जातं.

जिथे भोक नाही तिथे दोन ट्यूबवालं अ‍ॅराल्डाइट, चोवीस तासवालं, पाच मिनिटवालं नको. फेव्हिकॉल फक्त लाकडाला लाकूड, कागद, कापड. त्यातलं पाणी कुठेतरी शोषलं गेलं पाहिजे तर तो धरतो, बेकेलाइट आणि काच पाणी पिणार कुठनं. वरवर चिकटल्यासारखं वाटतं आणि एक दिवस टप.

आणि पुण्यात डिसेंबरात गच्चीवरच्या खोलीत रात्री तापमान दहा अंशांच्या खाली जातं, त्यात दोन्ही रुसतात. फेव्हिकॉल पांढरा खडूसारखा होतो, अ‍ॅराल्डाइट दोन-दोन दिवस ओलं राहतं. ट्यूबा वापरायच्या आधी कोमट पाण्यात ठेवा, सकाळी दहाला उन्हात काम करा, वस्तूही उन्हात ठेवा तासभर. रात्री अकराला गोधडी पांघरून करायचं काम नाही हे.

व्हॉल्व्हवाला | १३ नोव्हेंबर, सकाळी ९.३०

ताई, हात जोडतो, मर्फी फोडू नका.

भावनेचा भाग बाजूला ठेवा, आधी सुरक्षिततेचं. व्हॉल्व्ह रेडिओत अडीचशे-तीनशे व्होल्टचा पुरवठा असतो, प्लग काढल्यावरही कपॅसिटरात काही काळ राहू शकतो. तुमचा तीस वर्षं बंद आहे म्हणजे आत्ता काही नाही, पण 'बघू तरी चालतो का' म्हणून कोणी प्लग घातला आणि मग आत बोट घातलं तर गंमत नाही. शिवाय जुन्या एसी/डीसी सेटमध्ये तो भारी दिसणारा सांगाडाच थेट मेनला जोडलेला असायचा. म्हणून प्लग लावूच नका. मेणकागदाचे कपॅसिटर एव्हाना गळके झालेले असतात, करंट सोडला की आधी ते जातात आणि सोबत ट्रान्सफॉर्मर नेतात.

आता भावनेचा. असे अख्खे सेट दर रविवारी जुन्या बाजारात सुटे होऊन विकले जातात, नॉब वेगळा, जाळीचं कापड वेगळं, कॅबिनेटचा मिनीबार. ज्यांनी हे दुरुस्त करण्यात आयुष्य घातलं त्यांच्याच मुलीने फोडावा म्हणजे... असो. मी कोथरूडला असतो. माझ्याकडे मेलेल्या सेटचे सांगाडे पाच-सहा आहेत, पूर्ण सडलेले, ते घेऊन जा. मर्फी मला महिनाभर द्या.

अनुस्वार | १३ नोव्हेंबर, दुपारी १.१५

धागा चांगला आहे पण दोन शंका.

१. असेंब्लाजला मराठी शब्द नाही का? जुळणी? मांडणी? मांडणीशिल्प म्हणावं तर तो इन्स्टॉलेशनला आधीच दिलेला आहे.

२. भंगार ड्रॉवरमध्ये ठोकलं की कला कशी होते? आमच्या सोसायटीच्या वॉचमननेही केबिनमध्ये जुने मीटर ठोकलेत.

खटपट्या | १३ नोव्हेंबर, दुपारी १.२२

वॉचमनचा फोटो टाका, म्हणजे मीटरचा.

रंगरेषा | १४ नोव्हेंबर, रात्री १०.१०

अनुस्वार, शंका नवीन नाही, आणि उत्तर 'कोणाची तरी भावना' असं गुळगुळीत देणार नाही. मी शाळेत चित्रकला शिकवते, दरवर्षी सातवीला हे करून घेते, आणि दरवर्षी तीस पोरांतली पंचवीस जे करतात ते खरंच फक्त भंगार ठोकलेलं असतं :) फरक कुठे पडतो ते सांगते.

वस्तू एकत्र आल्यावर त्यांना धरून ठेवणारं काहीतरी लागतं, गोंद सोडून. पिकासोने १९४२ मध्ये सायकलची सीट आणि हँडल जोडून बैलाचं डोकं केलं, दोनच वस्तू, तिसरी नाही. तिथे आकार धरून ठेवतो, आणि मजा अशी की सीट सीटच दिसत राहते आणि बैल पण दिसतो. लुईस नेव्हलसन न्यूयॉर्कच्या रस्त्यांवर पडलेली लाकडं उचलायची, खुर्चीचे पाय, कठड्याचे तुकडे, खोक्यांत रचायची आणि सगळं एकजात काळं रंगवायची. १९५८ सालची तिची स्काय कॅथीड्रल बघा, भिंतच्या भिंत. तिथे रंग धरतो. आणि जोसेफ कॉर्नेल, हा पेठेतलींसाठी खास. कुठल्या आर्ट स्कूलला गेला नाही, कापडाचा विक्रेता होता, न्यूयॉर्कमधल्या क्वीन्स भागात आई आणि आजारी भाऊ यांच्याबरोबर लहानशा घरात राहिला आणि रात्री स्वयंपाकघरात, तळघरात बसून काच लावलेली खोकी केली. त्याच्या खोक्यांत मला सगळ्यात काय दिसतं तर रिकामी जागा. एक चेंडू, एक मातीची चिलीम, एक नकाशा, आणि बाकी हवा.

म्हणजे ११ फ्यूज आहेत म्हणून ११ लावायचे नाहीत.

पीएमटीच्या तिकिटांवरून कुर्त श्विटर्स आठवला, जर्मनीतल्या हॅनोव्हरचा. पहिल्या महायुद्धानंतर ट्रामची तिकिटं, पाकिटं, फळ्या उचलून चिकटवायचा. एका बँकेच्या जाहिरातीचा फाटका कपटा होता, त्यावर 'कोमर्झ' मधलं नुसतं 'मर्झ' उरलं होतं, तेच नाव त्याने सगळ्या कामाला दिलं. घरातच खोलीभर रचना वाढवत नेली होती, ती १९४३ च्या बॉम्बहल्ल्यात गेली.

अनुस्वार | १४ नोव्हेंबर, रात्री १०.४८

बरं. आकार, रंग, रिकामी जागा. हे पटण्यासारखं आहे. पहिल्या शंकेचं मात्र कोणी काही बोललं नाही.

मडगांवकार | १५ नोव्हेंबर, सकाळी ८.२०

आमच्या बाजूला जुनी घरं पाडतात तेव्हा शिंपल्यांच्या खिडक्या निघतात. पूर्वी काचेऐवजी लाकडी पट्ट्यांत चौकोनी कापलेले पातळ शिंपले खोवायचे, त्यातून उजेड दुधासारखा येतो, ऊन येत नाही. कंत्राटदार लोक त्या जळणात टाकतात हो! मी गेली चार वर्षं उचलतोय, घरवाली म्हणते आता एकतर खिडक्या ठेव नाहीतर मला ठेव.

मी त्यांची खोकी करतो, मागे छोटा एलईडी. पेठेतली, तुमच्या डायलच्या काचेमागे थेट बल्ब लावलात तर भगभगीत दिसेल, मध्ये शिंपला ठेवून बघा. पाठवीन चार, कापसात गुंडाळून. काठाला हात लावू नका फक्त, पापुद्रे सुटतात.

कॅलगरीकर | १५ नोव्हेंबर, रात्री ११.५५ (आमच्याकडे सकाळ)

खटपट्या, दहा अंश म्हणजे थंडी म्हणता? इथे गॅरेजमध्ये उणे २२ आहे. अ‍ॅराल्डाइटची ट्यूब दगड झाली होती, दाबली तर मागून फुटली.

आमचं गणित तुमच्या उलटं. उन्हाळ्यात गोळा करायचं, थंडीत करायचं. मे ते सप्टेंबर गॅरेज सेल असतात आणि घरांच्या मागच्या गल्ल्यांत लोक खुर्च्या-कपाटं 'फुकट' लिहून ठेवतात, नोव्हेंबरला सगळं बर्फाखाली. मग हॅबिटॅटच्या रीस्टोरमध्ये जायचं, तिथे पाडलेल्या घरांची दारं, कड्या, नळ मिळतात. साडेचार वाजता अंधार, मार्चपर्यंत बेसमेंटमध्ये कोंडलेला माणूस करणार काय, एकतर वजन वाढवणार नाहीतर हे.

दोन अनुभव. एक, बेसमेंटमध्ये स्प्रे पेंट मारू नका. खिडक्या बंद, शेजारी फर्नेस (घर गरम करणारी भट्टी) पेटलेला, ती वाफ पेट घेऊ शकते. बायकोने वास ओळखून वरून ओरडली म्हणून वाचलो. दुसरं, फर्नेसने हवा इतकी कोरडी होते की लाकूड आकसतं. सांगलीहून आजीचा पाट आणला होता, पितळी फुलं ठोकलेला, त्याच्यावर सगळं रचलं, चारी बाजूंनी घट्ट स्क्रू मारले आणि जानेवारीत एका रात्री बंदुकीसारखा आवाज. पाटाला उभी चीर. लाकडाला हलायला जागा ठेवायला हवी होती, एका बाजूला घट्ट आणि दुसऱ्या बाजूचं भोक लांबट. आईला अजून सांगितलं नाहीये.

सागवानी | १६ नोव्हेंबर, सकाळी ११.००

कॅलगरीकर +१. ड्रॉवरचा तळ बहुतेक खाचेत सैल सरकवलेला असतो तो याचसाठी, तो चिकटवून टाकू नका. तळ कमजोर असेल तर मागून १२ मिमीचा प्लाय वेगळा लावा आणि वजन त्याच्यावर घ्या, चिनीमाती जड असते.

सागवान घासू नका बाई. आधी ओल्या फडक्याने पुसा, वाळू द्या, मग बेलतेलाचा, म्हणजे जवसाच्या तेलाचा, एकच हात, पातळ. तेलाचे बोळे चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका, जवसाचं तेल वाळताना स्वतः तापतं आणि बोळा आपोआप पेटू शकतो. पसरून वाळवा नाहीतर पाण्यात टाका. जुन्या ऑइलपेंटचं लाकूड असेल तर पॉलिश पेपर मारूच नका, जुन्या रंगात शिसं असतं, ती धूळ पोटात जाते.

आणि भिंत कसली आहे? वाड्याची माती-विटांची असेल तर फिशर (स्क्रूसाठी भिंतीत घालायची प्लास्टिकची गुटी) धरत नाही.

पेठेतली | १ डिसेंबर, रात्री ९.१५

सगळ्यांचे आभार, इतकं येईल वाटलं नव्हतं. भिंत मातीची नाही, वाडा जाऊन बिल्डिंग झाली त्याला वीस वर्षं झाली, आयडीच तेवढा जुना राहिलाय.

मर्फी व्हॉल्व्हवाल्यांना दिला. मोबदल्यात दोन सांगाडे आणि एक जळका स्पीकर मिळाला, आईला वाटतंय मी फसले.

आता कबुली. डायलच्या काचेवर तीस वर्षांची धूळ होती, मी दोन्ही बाजूंनी भांड्याच्या साबणाने लख्ख धुतली. स्टेशनांची नावं मागच्या बाजूने रंगवलेली असतात हे मला काय माहीत! लाहोर गेलं, अर्धं लंडन गेलं, सिलोन तेवढं राहिलं. सिंकमध्ये काळं पाणी बघून मी तिथेच बसले. बाबा असते तर काही बोलले नसते, फक्त चष्मा काढून पुसला असता, ते जास्त वाईट.

व्हॉल्व्हवाला | १ डिसेंबर, रात्री ९.४०

अरेरे. माझी चूक, मी आधी सांगायला हवं होतं. मागच्या बाजूला ओला हात सुद्धा नाही लावायचा, पुढून कोरडं फडकं फक्त. उरलेल्या दोन काचा आहे तशा ठेवा.

रत्नांग्रीकर | २ डिसेंबर, सकाळी ६.५०

माझ्या मते तीच काच लावा. नावं असलेल्या काचा शंभर जणांकडे असतील.

आमच्याकडे खाऱ्या वाऱ्याने सगळंच असं अर्धं पुसलेलं मिळतं. होडीच्या फळ्या, जाळ्याची शिसं, खिळे तर बोटाने मोडतात. थंडीत वाळूवर सकाळी चालायला जातो ते रिकाम्या हाताने परत येत नाही. गंजाचं सांगायचं तर सुटणारा गंज तारेच्या ब्रशने काढा, बसलेला राहू द्या, वरून मेण. पण खाऱ्या पाण्यातलं लोखंड असेल तर आधी गोड्या पाण्यात आठवडाभर बुडवून रोज पाणी बदलायचं, मीठ आत राहिलं तर मेणाखालून पण फुलतं.

अजून एक, अंधारात चमकणारे जुने घड्याळाचे काटे-आकडे मिळाले तर खरवडू नका. जुन्यांत रेडियम असायचं. चमक गेली तरी रेडियम तिथेच असतं.

अनुस्वार | २ डिसेंबर, सकाळी ९.००

'वस्तुजुळणी' कसा वाटतो?

खटपट्या | २ डिसेंबर, सकाळी ९.०३

कारखान्यातल्या शिफ्टसारखा.

रंगरेषा | ५ डिसेंबर, रात्री ८.३०

पेठेतली, तुमच्या फ्यूजवरून सांगायचं राहिलं. चंदीगडचं रॉक गार्डन पाहिलंय का? नेक चंद सरकारी रस्ते खात्यात निरीक्षक होते, शहर वसवताना जी गावं पाडली त्यांचा राडारोडा, फुटकी कपबशी, बांगड्या गोळा करून जंगलात गुपचूप रचत राहिले, पन्नासच्या दशकाच्या शेवटापासून जवळजवळ अठरा वर्षं, कोणाला पत्ता नाही. जागा सरकारी, म्हणजे सगळं बेकायदा. उघडकीला आलं तेव्हा पाडायचं चाललं होतं, लोकांनी वाचवलं आणि १९७६ मध्ये सगळ्यांसाठी उघडलं. तिथे विजेच्या चिनीमातीच्या जुन्या सामानाची भिंत आहे. शेकड्याने एकच वस्तू. म्हणजे ती पण एक वाट आहे, पण त्याला शेकड्याने लागतात, ११ नाही.

जवळचं बघायचं तर बाजीराव रस्त्याजवळच्या केळकर संग्रहालयात एक दुपार काढा. ते असेंब्लाज नाही, पण अडकित्त्यांच्या कपाटासमोर उभं राहिलात की एकाच कामाच्या वस्तूंचे आकार किती वेगळे असतात ते कळतं, मग डोळा बसतो.

पेठेतली | २८ डिसेंबर, सकाळी ११.३०

जाऊन आले. अडकित्ते बघितले, घोडा काय, पोपट काय, बाई काय. घरी येऊन ड्रॉवर रिकामा केला परत. सगळं भरलं होतं ते कपाटासारखं दिसत होतं, दुकानच झालं होतं नवीन.

आता जमिनीवर खडूने ड्रॉवरएवढा चौकोन काढलाय आणि त्यात रोज उन्हात बसून वस्तू सरकवते. तीन फ्यूज, एक स्विच, सिलोनची काच, मागे मडगांवकारांचा शिंपला (पोचले चारही, देव बरें करूं!). एक व्हॉल्व्ह. तिकिटांचा गठ्ठा रबरासकट तसाच, सोडवला नाही. खाली अर्धी जागा मोकळी. नॉब एकही नाही, आणि तेच मला सगळ्यात आवडले होते.

शेजारच्या काकू वर वाळवण घालायला येतात, त्यांनी विचारलं देव मांडलेत का.

मडगांवकार | २८ डिसेंबर, दुपारी ४.००

फोटो पाहिला. शिंपला इंचभर मागे घ्या, काचेला टेकलेला दिसतोय. अंतर असेल तर उजेड पसरतो.

व्हॉल्व्हवाला | १९ जानेवारी, रात्री १०.२०

मर्फी बोलला. नऊ कपॅसिटर बदलले, आउटपुटचा एक व्हॉल्व्ह, डायलची दोरी नवीन. आत्ता ७९२ वर आकाशवाणी पुणे लागलंय, थोडी खरखर आहे पण ती ट्यूबलाइटची आहे, बंद केली की जाते. आतल्या पत्र्यावर पेन्सिलीने तारीख आणि 'दोरी बदलली' असं लिहिलंय. अक्षर तुम्ही ओळखाल, म्हणून पुसलं नाही.

पेठेतली | १९ जानेवारी, रात्री १०.३१

उद्या येते न्यायला.

पेठेतली | २ फेब्रुवारी, रात्री ८.४५

ड्रॉवर भिंतीवर लागला. फिशर चार, वजन साडेसहा किलो. रेडिओ हॉलमध्ये आहे आणि आईने त्याला क्रोशाचं कव्हर विणायला घेतलंय, पुढची जाळी झाकली जाईल असं सांगून बघितलं, म्हणाली धूळ बसते. ड्रॉवरकडे अजून सरळ बघत नाही, पण काल पाहुण्यांना म्हणाली 'हिने केलंय, दुकानातलं आहे'.

अनुस्वार, शब्द सापडला का?

अनुस्वार | २ फेब्रुवारी, रात्री ९.१०

नाही. ड्रॉवर म्हणूया सध्या. तोही मराठी नाही म्हणा.

पेठेतली | ११ मार्च, सकाळी ६.४०

धागा वर काढतेय. पहाटे चारला टप आवाज आला, उठून बघते तर स्विच खाली. त्याची मागची स्क्रूची भोकं फुटलेली होती म्हणून तो एकच चिकटवला होता. अ‍ॅराल्डाइट संपलं होतं म्हणून फेव्हिकॉलने.

खटपट्या | ११ मार्च, सकाळी ६.५८

मी काही बोलत नाही. मागची बाजू आधी पॉलिश पेपरने खरखरीत करा, जुना फेव्हिकॉल कोमट पाण्याने निघेल. आणि तपकीर गल्लीत, विजेच्या सामानाच्या बाजारात, जाऊन दुसरा स्विच आणू नका, तोच लावा.